सावडीची शेळी

माझी नोकरी कायम झाली. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, माझ्या बायकोनं डोळ्याला पदर लावला आणि मी घंटा वाजवली.

आता एक करा, हे वाचलंच नाही असं समजा. तसं काही झालेलं नाही. एक तर शेवट आधी कळला की माझं मधल्या गोष्टीवरून मन उडतं, आणि मी पेन इथंच ठेवून बाहेर कोण ओरडतंय ते पाहायला जाईन. दुसरं म्हणजे, कार्यालयाचंही हेच म्हणणं आहे की तसं काही झालेलं नाही. तेव्हा तुम्ही, मी आणि कार्यालय असे तिघं एकमतानं पुढं जाऊ.

मी शेषराव. शिरपूर जैनहून रिसोडकडे जाताना जिथं एस.टी. थांबत नाही पण हळू होते, ते आमचं गाव. तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी हंगामी शिपाई होतो. आमच्या घरात पगारावर लागलेला मी पहिला माणूस. माझे वडील जानराव जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबले. मी शिपाई झालो त्या दिवशी त्यांनी आपला विळा खुंटीला टांगला आणि त्या विळ्यालाच म्हणाले, “आता तू बी रिटायर.”

शिपायाचं मुख्य काम म्हणजे घंटा. आमची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, अंगणातल्या कडुनिंबाला तारेनं टांगलेला. आमच्या गावात रेल्वे नाही. तुकडा आला कसा, हे कोणालाच माहीत नाही. बहुधा कुठंतरी निघाला असेल, वाटेत काहीतरी पाहत थांबला असेल आणि इथंच राहिला असेल. म्हणून माझं त्याच्याशी जमायचं.

अडचण एकच होती. घंटा वाजवायच्या आधी घड्याळ पाहावं लागे आणि घड्याळ ऑफिसात होतं. निंबापासून ऑफिसापर्यंतचं अंतर एखाद्या म्हाताऱ्यानं खोकत खोकत पार करावं एवढंच. मी निघायचो. वाटेत मुंग्या मेलेला नाकतोडा ओढून नेताना दिसायच्या. एवढा मोठा नाकतोडा एवढ्याशा बिळात नेणार कसा, हे पाहिल्याशिवाय पुढं जाणं मला अशक्य. मुंग्या भिंतीपलीकडे गेल्या की मीही भिंतीपलीकडे. तिथं कोणाची बैलगाडी खचलेली असायची, तिला खांदा द्यायचो. गाडीवाला म्हणायचा, “बस, सोडतो फाट्यावर.” मी बसायचो.

परत यायचो तेव्हा पहिलाच तास चालू असायचा आणि गणिताच्या मास्तरांचा घसा बसलेला असायचा. मग भरपाई म्हणून मी पुढच्या घंटा लागोपाठ द्यायचो. त्या वर्षी सहावीच्या इतिहासाच्या तासाला मोगल आले आणि बाकावर न बसताच गेले.

मला कोणी म्हटलं, “पाच मिनिटांनी वाजव,” तर मी हो म्हणायचो. पण पाच मिनिटं म्हणजे केवढी, हे मला कधी कळलं नाही. कधी ती शेंगदाण्याएवढी असत, कधी रिसोडच्या बाजाराएवढी. बाहेरून सारखीच दिसत.

आणि सगळं गाव या घंटेवर चालायचं. शाळेसमोरची चतुराबाई मोठ्या सुट्टीच्या घंटेला वरण चुलीवरून उतरवायची. एकदा ती भांडं घेऊनच शाळेत आली.

“शेष्या, तुह्या घंटीनं माहं वरन जाळलं!”

“मावशी, वरनाकडे पाहाव लागते नं.”

“वरनाकडे पाहाले येळ अस्ता तं तुही घंटी कायले आइकली अस्ती?”

भांड्याच्या तळाला जळालेल्या वरणाचा हुबेहूब बदकासारखा डाग पडला होता, त्यामुळे तिचं पुढचं बोलणं माझ्या हातून सुटलं.

अशात आणीबाणी आली. भिंतीभिंतीवर वक्तशीरपणाच्या पाट्या रंगू लागल्या. आमच्या शाळेची पाटी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. ‘वेळेवर’ एवढा शब्द लिहून झाला आणि रंगाच्या डब्यात मधमाशी पडली. तिला काढून, पुसून, उन्हात वाळवून उडवीपर्यंत दिवस मावळला आणि रंगही वाळला. त्यामुळे आमच्या भिंतीवर अजून नुसतंच ‘वेळेवर’ आहे. वेळेवर काय, हे आणीबाणीत कोणी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हेडमास्तरांनी मला बोलावलं. “शेषराव, पुढच्या महिन्यात विस्तार अधिकारी येणार आहेत. हंगामी माणसं तपासणार. ज्याचं काम वेळेवर तो कायम, नाही तो घरी. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

“तुमच्या टेबलाचा एक पाय बुटका हाय, सर. खाली पट्टी लावली तं हलनार नाही.”

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. ते बराच वेळ मिटलेले होते. पण मला कळलं होतं. घरी म्हणजे विळा खुंटीवरून खाली येणार. तो वडिलांनीही टांगताना इतक्या खाली टांगला होता की काढायला सोपा जावा. त्यांना माझी खात्री तेवढीच होती.

माझं काय बिघडलंय याबद्दल घरात एकमत नव्हतं. आई, म्हणजे लिलाबाई, म्हणायची, “पोट्ट्याले बाहेरचं लागलं. नदीपल्याडच्या भगताकडे नेतो.”

वडील उसळायचे. “आपन छप्पन साली नागपूरले जाऊन आलो. आपन भूत मानत नाही.”

“मंग याले धरलं कोनं?”

“कोनंच नाही धरलं.”

“कोनंच धरलं नाही म्हनूनच तं असा भटकून राह्यला!”

वडिलांच्या मते मी आळशी होतो. हेडमास्तरांच्या मते उद्धट. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली आणि जंताचं औषध दिलं. जंत गेले. जाताना ते फार लक्ष देऊन गेले असं मात्र दिसलं नाही.

मला विचाराल, तर मी सगळ्यांशी सहमत होतो. एका माणसाला इतकी लोकं इतकी निरनिराळी नावं ठेवतात, तर त्यातलं एखादं तरी बसतच असेल. मी मुकाट्यानं सगळीच घालून फिरायचो.

सहमत नव्हती ती एकटी माझी बायको. भागिरथा मानोऱ्याकडची. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. ती कमी बोलायची आणि जास्त पाहायची. माझ्या घरात माझ्याकडे पाहण्यासारखं पुष्कळ होतं. मी एक चप्पल घालून निघायचो, दुसरी शोधता शोधता पहिली काढून ठेवायचो. जेवताना मीठ आणायला उठायचो आणि थेट चावडीवर सापडायचो, हातात घास.

हेडमास्तरांनी शेवटचा उपाय म्हणून मला गजराचं घड्याळ दिलं. दर तासाला गजर लावायचा, वाजला की घंटा द्यायची. छान कल्पना होती. मी ते घरी आणलं. रविवारी सकाळी, नेमकं वाजतं कुठून हे पाहावं म्हणून मागचं झाकण काढलं.

झाकण लागलं तेव्हा दिवे लागले होते. मधल्या काळात मी प्रत्येक चाक काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. घड्याळ सुरेख चालू लागलं. गजर तेवढा बंद पडला, कारण गजराची स्प्रिंग कोंबडीनं नेली असावी. हे अर्थात आधी लक्षात यायला हवं होतं.

भागिरथा समोर पाणी ठेवून बसली होती. पाण्यावर धूळ जमली होती.

“अवो, सकाळपासून तुमी पानी बी नाही प्याले.”

“ठेवलं होतं काय?”

“तीनदा ठेवलं. मामंजी बोलले, सासूबाई बोलल्या, शेजारचं पोट्टं पायावरून गेलं. तुमी मान वर नाही केली.” मग जरा थांबून म्हणाली, “ज्याले लक्षच नाही, त्याले एवढं आलं कोठून?”

“काय?”

“लक्ष.”

मी विचार केला. पहिल्यांदाच केला असावा, कारण डोकं जरा चर्र झालं.

“तुमच्यापाशी लक्ष लय हाय,” भागिरथा म्हणाली. “कमी नाही. पन मोकाट हाय. त्याले वेसन नाही. जिकडे गेलं तिकडे जाते, अन तुमी त्याच्या मागं मागं.”

“आळस नाही म्हन्तं तू?”

“आळशी मानूस गाडीले खांदा देते काय? माह्या बापाकडे सावळ्या होता. बैल. सारं गाव म्हने, इका त्याले, कामाचा नाही. वखराले जुपला का कान हलवे, इकडे पाखरू, तिकडे पोट्टं, पल्याड धूर. जमिनीतला तास वाकडा. बापानं मारून पाह्यलं. मारलं का उभाच राहे. मंग बाप बसला एक दिवस बांधावर अन पाह्यत राह्यला त्याच्याकडे. तं समजलं.”

“काय समजलं?”

“का त्याले सगळंच दिसते. बाकीच्या बैलाले फक्त तास दिसते. सावळ्याले सारं शिवार.”

मी आयुष्यात पहिल्यांदा एका बैलाबद्दल ऐकून रडकुंडीला आलो. आणि रडणार तेवढ्यात उंदीर पळाला, तो पाहिला आणि रडायचं राहून गेलं. भागिरथा हसायला लागली. “हे पाहा, आत्ता झालं ते. समजलं तुमाले?”

समजलं. घसरणं आधीही व्हायचं, पण घसरताना कोणी दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचा एक खेळ सुरू झाला. माझं मन सुटलं की ती नुसती म्हणायची, “सावळ्या.” बस. ओरडणं नाही, कपाळाला हात नाही. मी जिथं असेन तिथून परत यायचो. आठवड्याभरात मी स्वतःच म्हणू लागलो. भर रस्त्यात एकटाच “सावळ्या, सावळ्या” करत चाललेला जावई पाहून सासरकडचा एक पाहुणा न जेवता परत गेला.

पण खेळानं घंटा वेळेवर होत नव्हती आणि महिना संपत आला होता. मी विचारलं, “तुह्या बापानं मंग केलं काय सावळ्याचं?”

“आधी झापड बांधली. डोळ्याच्या बाजूनं. इकडचं तिकडचं दिसू नाही म्हनून.”

“अन?”

“अन ते मी तुमच्यावर करून पाह्यल्यावर सांगन.”

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या दोन्ही कानशिलांवर पुठ्ठे लावले आणि वरून दुपट्टा बांधला. गाठ डोक्यावर. मला समोरचं तेवढं दिसत होतं आणि बाकी जग बंद. या अवतारात मी शाळेत गेलो.

हेडमास्तरांनी मला दारातच अडवलं. दोन पावलं मागं सरले. “गालगुंड?”

दुपट्ट्यात कान गुंडाळलेले. मला वाटलं त्यांनी ‘जेवलास?’ विचारलं. म्हटलं, “हो सर, पोटभर.”

“आणि शाळेत आलास? अरे, ते पसरतं!”

तासाभरात चौथीतल्या निम्म्या पोरांचे गाल दुखू लागले. त्यातले बरेचसे गृहपाठ न केलेले होते. गणिताच्या मास्तरांनीही गाल दाबून पाहिला आणि त्यांना तो दाबण्याजोगा वाटला. मोठ्या सुट्टीपर्यंत शाळा ओस पडली. मी मात्र निंबाखाली बसलेलो, आणि बाजूचं काही दिसत नसल्यानं गाढ झोपलेलो.

भागिरथा भाकरी घेऊन आली, तिनं मला हलवलं.

“सावळ्याचं बी हेच झालं,” ती म्हणाली. “झापड बांधली का उभ्या उभ्या झोपे.”

“मंग मले बांधली कायले!”

“मानसाचं येगळं अशीन वाटलं.”

मग घरी आल्यावर तिनं खरी गोष्ट सांगितली. तिच्या बापाकडे बैल एकच होता. आमच्याकडे ज्याच्याजवळ एकच बैल असतो, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. दोघांचे बैल एका जुवाला, आज तुझं शेत, उद्या माझं. सावळ्याला शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या बैलाबरोबर जुंपला. त्या बैलाला खाणं आणि चालणं यापलीकडे जगात काही आहे याची कल्पना नव्हती. सावळ्यानं पाखरू पाहिलं तरी जोडीदार चालतच राही, म्हणून सावळ्यालाही चालावं लागे. पाहत पाहत. तास सरळ.

“तुमाले झापड नाही पाह्यजे,” भागिरथा म्हणाली. “तुमाले सावड पाह्यजे. ज्याचं मन इकडंतिकडं होतच नाही असं कोनी.”

आम्ही दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. तिथं आमची शेळी भुरी बोरीचा पाला खात उभी होती. आकाशातून विमान गेलं असतं तरी तिनं वर पाहिलं नसतं. आमच्या घरात लक्ष नावाची जी काही इस्टेट होती, ती सगळी भुरीच्या नावावर होती.

पुढच्या रविवारी बंद शाळेत आम्ही प्रयोग केला. भागिरथा ऑफिसच्या दारात घड्याळासमोर, भुरी निंबाला बांधलेली, मी पाल्याच्या जुड्या देणारा. भुरीचा स्वभाव असा, की पाला पुढं असला तर ती जगाला विसरायची आणि पाला संपला की जगाला झोपू द्यायची नाही. असं ओरडायची की चतुराबाईच्या घरातली भांडी हलायची. जुडी कमी-जास्त करत करत संध्याकाळपर्यंत तासाची जुडी ठरली, छोट्या सुट्टीची चिमुकली जुडी ठरली, मोठ्या सुट्टीची ठरली. भुरीनं सुट्टीचा दिवस असूनही तक्रार केली नाही.

सोमवारपासून शाळा जुडीवर चालू लागली. भुरी खायची, मी पाखरं, मुंग्या, ढग, सगळं पाहायचो. कोणाची ना नव्हती. जुडी संपली की “म्यॅऽऽ”, मी कुठंही असलो तरी धावत. टोला. नवी जुडी. मोगल आले, बसले, राज्य केलं आणि रीतसर गेले. चतुराबाईनं वरणाची वाटी पाठवली, भुरीसाठी. वडील येऊन बराच वेळ निंबाखाली उभे राहिले. घरी जाऊन त्यांनी विळा दोन वीत वर टांगला.

हेडमास्तर म्हणाले, “शेषराव, ही शेळी इथं का?”

“गवत वाढलं, सर.”

“गवत कुठंय?”

“तेच तं. पाहा कशी काम करते.”

आणि साहेब आले. पत्रात दिलेल्या दिवशीच आले, याचं हेडमास्तरांना इतकं आश्चर्य वाटलं की हार त्यांनी आधी स्वतःच्याच गळ्यात घातला. साहेब तरुणच होते, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. झेंडूचा भलामोठा हार गळ्यात पडला, तो त्यांनी चालता चालता काढला, कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं पाहिलं, रुळाच्या तुकड्याकडे पाहून “अरे वा!” म्हणाले आणि हार निंबाच्या खालच्या फांदीला अडकवून चौथीच्या वर्गात पाठ पाहायला गेले.

खालची फांदी भुरीच्या तोंडासमोर होती.

मला हे दिसलं नाही, कारण मी साहेबांची बटणं पाहत होतो. मी मागं वळलो तेव्हा भुरीनं जुडी संपवली होती, वरून हार संपवला होता, फक्त दोरा ओठातून लोंबत होता. आणि ती बसली होती. डोळे अर्धे मिटून रवंथ. तृप्त. या शेळीला तृप्त झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ती आता ओरडणार नव्हती.

मी हातोडा घेऊन उभा. तास संपला होता का? संपायचा होता का? घड्याळाकडे निघावं तर वाटेत चिमण्या धुळीत अंघोळ करत होत्या, आणि मला ठाऊक होतं की मी त्यांच्यापुढं पोचणार नाही. हे ठाऊक असणंच नवीन होतं. पूर्वी मी अंदाजानं टोला हाणला असता आणि नशिबावर सोडून दिलं असतं. आता माझ्या आतला सावळ्या मला समोर उभा दिसत होता, कान हलवत. मी डोळे घट्ट मिटले, हात पुढं केले आणि चाचपडत, एकदा भिंतीला आपटून, सरळ चौथीच्या वर्गात शिरलो.

“साहेब,” मी डोळे मिटूनच म्हणालो, “मले येळ समजत नाही. पह्यल्यापासून नाही समजत. आमची शेळी सांगत होती, पन तिनं तुमचा हार खाल्ला. घंटी कवा वाजवू, तुमी सांगा.”

वर्गात टाचणी पडली असती तर ती कुठं पडली हे मी नक्की पाहिलं असतं. हेडमास्तरांच्या घशातून पंक्चर झाल्यासारखा आवाज आला.

“शेळी?” साहेब म्हणाले. मी डोळे उघडले. साहेब पाठ अर्ध्यात सोडून उठले होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. “कुठाय?”

ते मला मागं टाकून निंबाकडे पळाले. वाटेत चिमण्यांपाशी थांबले. मीही थांबलो. आम्ही दोघं चिमण्या पाहत उभे होतो तेव्हा भागिरथा भाकरी घेऊन आली.

“सावळ्या,” ती म्हणाली.

मी दचकलो. साहेबही दचकले. भागिरथेनं दोघांकडे पाहिलं, मग नुसतं साहेबांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, बटणांपाशी जरा जास्त.

तिनं त्यांना सगळं सांगितलं. बैल, झापड, सावड, जुड्या. “साहेब, हे आळशी नाहीत. यायले सगळंच दिसते, म्हनून जे पाह्यजे ते राहून जाते. जोडीले कोनी असलं का सरळ चालतात. आज बी पाहा, शेळी बसली तं दडवलं नाही, येऊन सांगतलं. घंटी चुकन, पन मानूस चुकीचा नाही.”

साहेब हळूच म्हणाले, “याला काय म्हणतात?”

“कायले?”

“हे जे यांना आहे त्याला. काही नाव असेल ना?”

“आमी तं काही म्हनत नव्हतो. सावळ्याले सावळ्याच म्हनत होतो.” तिनं पदर सारखा केला. “साहेब, एक विचारू? तुमची पिशवी कोठी हाय?”

साहेबांनी खांदा चाचपला. “एस.टी.त राहिली.”

“चष्मा?”

“तोच शोधतोय सकाळपासून.”

“डोक्शावर हाय.”

“हां.”

“अन तुमाले आज आमच्याच शाळेत यायचं होतं काय?”

आता हेडमास्तरही जवळ आले होते. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर ‘वेळेवर’ लिहिलं होतं, गावाचं नाव नव्हतं. “खरं सांगू का, मी रिसोडला निघालो होतो. खिडकीतून हा रूळ दिसला. म्हटलं, रेल्वे नाही तिथं रूळ कसा? गाडी हळू झाली, उतरलो.”

“साहेब, आज आमचाच दिवस होता,” हेडमास्तर म्हणाले. “पत्र तुमचंच आहे.”

“हो का? मग बरोबर आलो!” साहेबांना इतका आनंद झाला, की ते निंबाच्या पारावर बसलेच. मग खालच्या आवाजात भागिरथेला म्हणाले, “आमची ही म्हणते, मी मुद्दाम करतो.”

“माह्या सासूले वाटे, भूत हाय. तुमच्या घरी बरंच म्हनायचं.” भागिरथेनं त्यांच्यापुढं अर्धी भाकरी आणि ठेचा ठेवला. “तिले सांगा, भांडू नको. एक दिवस बांधावर बस अन पाह्य त्याच्याकडे. मंग समजन.”

साहेबांनी भाकरी खाल्ली, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचंच होतं असं मी धरून चालतो. मग हेडमास्तरांकडून कागद मागवला. ‘शेषराव जानराव यांना शिपाई पदावर कायम करण्यात येत आहे.’ सही. शिक्का त्यांच्या खिशातच होता. तो पिशवीत ठेवायचा नाही एवढं ते अनुभवानं शिकले होते. भागिरथेनं डोळ्याला पदर लावला आणि साहेबांसाठी पाणी आणायला आत गेली. हेडमास्तर पेढ्यांसाठी कोणाला तरी हाक मारायला गेले. साहेबांनी कागद शाई वाळावी म्हणून पारावर ठेवला.

तेवढ्यात रस्त्यानं एक माणूस सायकलवरून अख्खं दार घेऊन चालला होता. चौकट, कडी, कोयंडा, सगळं. आणि दाराला कुलूप लावलेलं होतं.

“कुलूप का असेल?” साहेब म्हणाले.

“तेच मी म्हनून राह्यलो,” मी म्हणालो.

ते दार वळणाआड जाईपर्यंत आम्ही पाहिलं. मागं वळलो तेव्हा भुरी उभी होती आणि तिच्या तोंडाच्या कडेला गोल शिक्क्याचा शेवटचा जांभळा तुकडा होता. तो आत गेला. पोट गच्च भरलेलं असताना तिनं तो का खाल्ला, हे मला सांगता येणार नाही. माझ्या मते तिला सरकारी कागदाची चव नवीन होती.

मग तिनं मान वर केली आणि कागद एवढ्यातच संपला याचा निषेध म्हणून आयुष्यातलं सगळ्यात मोठं “म्यॅऽऽ” केलं.

मी धावत जाऊन घंटा वाजवली. नोकरी कायम झाल्यानंतरची पहिली घंटा. भागिरथा तांब्या घेऊन बाहेर आली, रिकामा पार पाहिला, भुरी पाहिली, आम्हा दोघांचे चेहरे पाहिले आणि पारावर बसून इतकी हसली की तांब्यातलं पाणी साहेबांच्या पायावर सांडलं. मग साहेब हसले. मग मी. हेडमास्तर हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुटपुटले, “बरोब्बर वेळेवर.”

“उद्याच दुसरा आदेश पाठवतो,” एस.टी. हळू झाली तेव्हा साहेब पायरीवरून ओरडले. ती एस.टी. रिसोडच्या उलट दिशेला चालली होती.

दुसरा आदेश आला. तो दुसऱ्या कुठल्या शाळेतल्या पंख्याला वंगण घालण्याबाबत होता. तिसऱ्या पाकिटात साहेबांचीच धोब्याची यादी होती. चौथ्यात मात्र त्यांच्या बायकोचं दोन ओळींचं पत्र होतं, भागिरथेच्या नावानं: ‘बांधावर बसले. समजले. आता शेळी कोठे मिळेल ते कळवावे.’ भागिरथेनं ते पत्र भुरी पोचणार नाही इतक्या उंचावर ठेवलं.

हेडमास्तर म्हणतात, साहेब तोंडानं बोलले म्हणजे झालं, तू वाजव. कार्यालय म्हणतं, कागद नाही म्हणजे झालंच नाही. विळा खुंटीवरच आहे. वडिलांनी आता तो आढ्यालाच बांधलाय, शिडीशिवाय निघत नाही. म्हणून भागिरथा म्हणाली, तुमी अर्ज करा, मी बाजूला बसतो. ती बसली, म्हणून एवढा लिहून झाला:

माननीय महोदयांच्या सेवेशी सविनय सादर, की अर्जदारास कायम केल्याचा सहीशिक्क्याचा मूळ आदेश सध्या मौजे मजकूर येथील शेळी नामे भुरी हिच्या पोटात असून, सदर आदेश चरत असल्याकारणाने टपालाने पाठवणे शक्य नाही. सबब विनंती, की सदर शेळी हीच मूळ प्रत समजून तिच्यावर कार्यालयाचा आवक क्रमांक टाकण्यात यावा. आदेशानंतर तिला झालेली दोन करडे ही त्याच आदेशाच्या साक्षांकित प्रती मानण्यात याव्यात, पैकी एक प्रत साहेबांच्या घरी यापूर्वीच रवाना केलेली आहे. आणि मूळ प्रत पडताळणीसाठी कार्यालयात हजर करण्याचे फर्मान झाल्यास, तिला सरकारी खर्चाने एस.टी.त खिडकीजवळची जागा व प्रवासाच्या अंतराइतकी जुडी मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.